पाण्यावरची वहिवाट

भात पोटरीला आला की लोधिवलीच्या शेतांतून चालणे म्हणजे कसरत. दोन्ही बाजूंना कमरेला लागणारे पीक, मधे हातभर रुंदीचा बांध, त्यावर माजलेले गवत आणि खाली चिखल. समोरून कुणी आले तर दोघांपैकी एकाला चिखलात पाय घालावाच लागतो. माझी तेरा वर्षांची भाची सुट्टीला आली होती. ती मुंबईच्या बंदरात शिडाची होडी चालवायला शिकते. बांधावरून ती पुढे, मी मागे. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आली. भाचीने खणखणीत हाळी दिली, "स्टारबोर्ड!"

म्हातारी थबकली. भाऱ्याखालून तिने पोरीला नीट न्याहाळले आणि म्हणाली, "वाट दे गो बाय, डोक्यावर भारा हाय."

भाचीचा एक पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. म्हातारी निघून गेल्यावर पोरगी फणफणली, "मामा, हक्क माझा होता! वारा माझ्या उजव्या बाजूनं येत होता."

तिचे खरे होते, पण पाण्यावर. शिडांच्या शर्यतीत दोन होड्यांच्या वाटा एकमेकींना छेदू लागल्या आणि एकीला वारा उजव्या अंगाने, दुसरीला डाव्या अंगाने लागत असला, तर डावीने बाजूला व्हायचे. उजवीवाल्याने "स्टारबोर्ड!" म्हणून ओरडायचे, ही खेळाडूंची रीत. म्हातारीचेही खरे होते. बांधावर ओझेवाल्याला वाट द्यायची, ही आमच्याकडची वहिवाट. त्या संध्याकाळी ओटीवर बसून आम्ही भाचीचे शर्यतीचे नियम मराठीत लावायला घेतले, आणि नियम राहिले बाजूला, शब्दच हाताला लागत गेले.

सुरुवातच अडली. 'राइट ऑफ वे'ला मराठीत काय म्हणायचे? सरकारी मराठीत 'मार्गाधिकार' आहे, पण तो कचेरीचा उंबरा सहसा ओलांडत नाही. शेतकरी म्हणतो 'वहिवाट'. 'वहिवाटीचा रस्ता अडवला' या तीन शब्दांवर महाराष्ट्रात पिढ्यांनी तहसील कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. त्यासाठी १९०६चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. १९६६च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, बांधावरून जाण्याच्या हक्काचे. आणि १८८२चा सुविधाधिकाराचा कायदा म्हणतो की वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेली वाट हा हक्कच होतो.

यातली 'वाट' संस्कृत 'वर्त्मन्'ची लेक. मूळ धातू 'वृत्', म्हणजे वळणे, फिरणे, असणे. चाके फिरून फिरून जी उमटते ती वाट. 'वहिवाट' गुजरातीत 'वहीवट' होऊन कारभाराच्या गादीवर बसली आहे. मराठीत ती शेतातच राहिली. जमिनीची वहिवाट करायची म्हणजे ती कसायची, सांभाळायची; आणि रस्त्याची वहिवाट म्हणजे पायांनी रोज गिरवलेली सही. शब्द कुठूनही पाहा, त्याला एक गोष्ट लागते: खूण. पाय पडले, गवत मेले, माती दबली, म्हणून वाट झाली.

पाण्यावर हीच गोष्ट होत नाही. होडी पुढे गेली की मागचा फेस मिटतो. आमच्या भागातून वाहणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. तिथून किती पडाव आणि मचवे गेले असतील, खाडीला एकाचाही माग ठाऊक नाही. मराठीत शेतातलाही नांगर आणि जहाजाचाही नांगर. शेतातला आला संस्कृत 'लांगल'वरून, जहाजाचा फारसी 'लंगर'वरून. दोन टोकांकडून निघालेले पाहुणे मराठीच्या ओटीवर एकाच नावाने बसले. पण एक नांगर जमिनीत तास पाडतो आणि दुसरा उचलला की त्याची खूणही उरत नाही. वीस वर्षे सोडा, वीस पळे वापरल्याची साक्षही पाणी देत नाही. मग तिथे वाट कुणाची, हे ठरवायचे कशावरून?

उत्तर 'शर्यत' या शब्दातच आहे. अरबी 'शर्त' म्हणजे अट, करार, पैज. मराठीने त्या एकाच शब्दाचे तीन केले. 'शर्त' अटीपाशी राहिली. 'शर्थ' जिद्दीकडे गेली. आपण प्रयत्नांची शर्थ करतो. आणि 'शर्यत' धावायला लागली. आज शर्यत म्हटले की वेग आठवतो, पण मुळात ती कबूल केलेली अट. शिडाच्या शर्यतीला हा जुना अर्थ घट्ट बसतो. आधी अटी मान्य करायच्या, मगच पाण्यात उतरायचे. या अटींचे पुस्तक 'वर्ल्ड सेलिंग' ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी नवे करते. सध्याचे २०२५ ते २०२८ या वर्षांसाठीचे आहे. त्यातला दुसरा भाग, म्हणजे होड्या एकमेकींना भेटल्या की काय करायचे तो, भाचीला पाढ्यांसारखा पाठ करायला लावला आहे.

त्यातला दहावा नियम चिखलात पाय घालणारा: डाव्या वाऱ्याच्या होडीने उजव्या वाऱ्याच्या होडीपासून दूर राहावे. उजवाच का? याला पटण्यासारखे कारण नाही. संकेत आहे, इतकेच. पण संकेतांच्या तळाशी शब्द असतात. 'स्टारबोर्ड'मध्ये तारा नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओर' म्हणजे सुकाणू आणि 'बोर्ड' म्हणजे जहाजाची कड. सुकाणूचे वल्हे उजव्या कडेला बांधलेले असे, म्हणून ती सुकाणूची कड. ते वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डावी कड लावून उभे करत. माल तिथून चढायचा, म्हणून ती 'लारबोर्ड'. वादळात 'स्टारबोर्ड' आणि 'लारबोर्ड' हे दोन शब्द ओरडून पाहा. कानावर शेवटचा तुकडाच पडतो. म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून 'लारबोर्ड' मोडीत काढला आणि त्या जागी 'पोर्ट' आणला.

आपल्या खलाशांना ही अडचण नव्हती. सुकाणूला सुकाणू म्हणायचे, तेही अरबी 'सुक्कान'वरून, आणि ते मागे मधोमध. कच्छी, कोकणी, मलबारी, बंगाली अशा सगळ्यांची मिळून जी खलाशी बोली झाली, तिचा कोश थॉमस रोबक यांनी १८११ साली कलकत्त्यात छापला. त्या बोलीत जहाजाची उजवी बाजू 'जमना' आणि डावी 'दावा'. 'दावा' म्हणजे आपला डावाच. 'जमना' गुजराती 'जमणुं'चा भाऊ. गुजरातीत 'जमवुं' म्हणजे जेवणे, तेव्हा जमणा हात तो जेवायचा हात. हे सांगितल्यावर भाचीने लगेच हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे जेवणाऱ्या हाताला वारा लागला की आपली वाट!" इतका सोपा नियम तिला कुणी शिकवला नव्हता.

मराठीचे पारडे मात्र आधीपासूनच उजवीकडे झुकलेले. 'उजवा' आला 'ऋजु'वरून. ऋजु म्हणजे सरळ. जुन्या मराठीत 'उजू' म्हणजे सरळच. सरळ तो उजवा, आणि तुलनेत सरस तोही उजवा. बिचारा 'डावा' प्राकृतातल्या 'डव्व'वरून आला आणि त्याच्या पोटी 'डावलणे' जन्मले: आधी डावीकडे टाकून पुढे जाणे, मग दुर्लक्षणे, मग हक्क मारणे. एका हाताने दुसऱ्यावर केवढा अन्याय केला आहे! दहावा नियम वाचताना असे वाटते की पाण्यावरही डाव्याच्या नशिबी डावललेपणच आले.

पण तसे नाही, आणि खेळाची गंमत इथेच आहे. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून ती तिरपी जाते. वाऱ्याच्या दिशेचा बोया, म्हणजे शर्यतीची तरंगती खूण, गाठायचा तर थोडे या अंगाला, थोडे त्या अंगाला करत नागमोडी चढावे लागते. प्रत्येक वळणावर होडीचे तोंड वाऱ्यातून फिरते, शीड दुसऱ्या बाजूला पडते आणि वाऱ्याची बाजू बदलते. याला खेळाडू 'टॅक मारणे' म्हणतात. मी म्हटले, याला मराठीत नाव तयारच आहे: सव्यापसव्य.

सव्य आणि अपसव्य, डावे आणि त्याच्या उलटे. श्राद्धाच्या वेळी जानवे डाव्या खांद्यावरून उजव्यावर आणि पुन्हा डाव्यावर घ्यावे लागते, त्यातून हा शब्द घरोघरी पोचला. आणि त्या कटकटीमुळे मराठीत त्याचा अर्थच झाला नसता खटाटोप. "एवढं सव्यापसव्य करण्यापेक्षा सरळ जा ना," असे आपण म्हणतो. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाताच येत नाही. तिथे सव्यापसव्य हीच वाट. बरे, 'सव्य' हा शब्दही फसवा. संस्कृत कोशांत त्याचा पहिला अर्थ डावा, पण उजवा असाही अर्थ दिलेला सापडतो. असा शब्द जहाजावर घेऊन गेलात तर लारबोर्डच्या आधी तोच समुद्रात फेकावा लागेल. मात्र सव्यापसव्याचा एक गुण आहे. आता जी होडी डावी, ती पुढच्या वळणानंतर उजवी. हक्क होडीला चिकटलेला नाही. ती त्या क्षणी वाऱ्याला कोणते अंग देऊन आहे, त्याला तो चिकटलेला आहे.

(बोयाला वळसा घालतानाही बहुतेक शर्यतींत बोया डाव्या हाताला ठेवायचा असतो. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला. माझ्या आईने हे ऐकले आणि नातीला एवढेच विचारले, "देव नसतो ना गं त्या बोयात?")

अकरावा नियम एकाच अंगाला वारा घेऊन शेजारी-शेजारी चालणाऱ्या होड्यांचा. एक वाऱ्याकडची, दुसरी वाऱ्याआडची. इथे वाऱ्याकडचीने दूर राहायचे. वरकरणी उलटे वाटते; वाऱ्याला जवळ तिचा मान मोठा हवा. पण आपण म्हणतोच ना, "वारासुद्धा लागू दिला नाही"? घरातली बातमी बाहेर पडू न देणाऱ्याबद्दल वापरायचा हा वाक्प्रचार पाण्यावर शब्दशः घडतो. वाऱ्याकडच्या होडीचे शीड मधे येते आणि पलीकडच्या होडीला वारा लागूच देत नाही. तिचे शीड लुळे पडते. माझ्या मनाने मी या नियमाचा अर्थ असा लावला: ज्याने दुसऱ्याचा वारा अडवला, निदान जागा तरी त्याने सोडावी. बारावा नियम आणखी सोपा. एकाच अंगाला वारा, पण एक पुढे आणि एक साफ मागे. तर मागचीने जपायचे.

यातला सूर आम्हा घाटाखालच्यांना ओळखीचा आहे. लोधिवली जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल खोपोली, चौक असा आमच्या दारावरून पनवेलच्या बंदरात उतरून होड्यांनी मुंबईला जाऊ लागला. घाटातला नियम अजून तोच: रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. मोटारींच्या नियमांतही तो लिहिलेला आहे. चढणारी गाडी थांबली तर पुन्हा उचलणे कठीण. म्हातारीच्या भाऱ्याचा न्यायही हाच. म्हणजे घाटात आणि बांधावर ज्याला वळणे-थांबणे अवघड त्याला वाट. पाण्यावर हे काम वाऱ्याकडे दिलेले.

हक्काचा खरा गाभा मात्र नियमांच्या सुरुवातीलाच एका वाक्यात आहे. होडीला वाटेचा हक्क केव्हा असतो? जेव्हा दुसऱ्या होडीने दूर राहणे बंधनकारक असते, तेव्हा. माझ्या हक्काची व्याख्या दुसऱ्याच्या कर्तव्यातून! मराठीत 'वाट' या नामाला आपण कोणती क्रियापदे जोडतो ते पाहिले तर हे आपल्याला केव्हाच माहीत होते. वाट दिली जाते, सोडली जाते, काढली जाते, पाहिली जाते. आणि चुकले तर लागते. 'वाट घेणे' असे कुणी हक्काने म्हणत नाही. म्हातारीही "माझी वाट" म्हणाली नाही, "वाट दे" म्हणाली.

इथे मला मोह झाला होता की लेख संपवावा: हक्क हा परका शब्द, देणे हा आपला, वगैरे. पण मी रायगड जिल्ह्यातला माणूस आहे, आणि या जिल्ह्याने पाण्यावरची वहिवाट पाहिलेली आहे.

एक समुद्रावरची. पोर्तुगीज 'कर्ताझ' नावाचा परवाना घ्यायला लावत. तो नसलेले जहाज धरले जाई. कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्याहून स्वतःचे 'दस्तक' चालवले. फारसीत 'दस्त' म्हणजे हात, 'दस्तक' हातचा कागद. हा इशारा पोर्तुगीजांना आणि इंग्रजांना बरोबर कळला: समुद्र कुणा एकाच्या हातातला नाही, आमचाही हात आहे.

दुसरी वहिवाट महाडच्या चवदार तळ्यावरची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसे त्या तळ्याचे पाणी प्यायली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्थानिक सवर्णांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे मराठीत एका शब्दाचे होते: वहिवाट. अस्पृश्यांनी या पाण्याला शिवायचे नाही, ही पूर्वापार चाल. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली सांगितले, अशी पूर्वापार चाल सिद्ध होत नाही. दहा वर्षे लागली. 'वाट देणे' किती गोड वाटले तरी, या मुलखात वाट कुणी सोडायची हे शतकानुशतके जन्मावरून ठरत होते; देणारे आणि घेणारे कधी अदलाबदल होत नव्हते. तिथे 'देणे' पुरले नाही, 'हक्क'च लागला. 'हक्क' अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ सत्य.

म्हणून शिडाच्या नियमांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. तिथे हक्क आहे, पण तो दर वळणावर हस्तांतर होतो. पंधरावा नियम म्हणतो, तुझ्या चालीने हक्क नुकताच तुझ्याकडे आला असेल, तर समोरच्याला आधी सरायला जागा दे. सोळावा म्हणतो, हक्क असला तरी दिशा बदलताना दुसऱ्याला सरता येईल इतकी जागा ठेव. आणि चौदावा सर्वांना: शक्य असेल तर टक्कर टाळ. जमिनीवर हक्क जितका जुना तितका पक्का. पाण्यावर नव्या हक्काची पहिली खूण म्हणजे त्याने थोडे थांबायचे.

बहुतेक शर्यतींत पाण्यावर शिट्टी वाजवणारा पंच नसतो. चूक झाली तर आपणच ओळखायची, इतरांपासून दूर व्हायचे आणि एकाच दिशेने दोन पूर्ण फेरे मारायचे. तेवढ्यात दहा होड्या पुढे जातात. आपल्याला चूक मान्य नसेल तर समोरचा "प्रोटेस्ट!" असे ओरडतो आणि किनाऱ्यावर आल्यावर लेखी तक्रार देतो. 'तक्रार' हा शब्दही अरबी. मूळ अर्थ पुनरावृत्ती. पाण्यावर एकदा, कागदावर पुन्हा. "पण दोन फेरे मारले की तक्रार नको," भाची म्हणाली. "सगळ्यांना दिसतं ना."

मुंबईचे बंदर अशा फेऱ्यांना सरावलेले आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती याच पाण्यात झाल्या आणि फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक घेतले. त्या पाण्यात माझी भाची अडीच मीटरही लांब नसलेली ऑप्टिमिस्ट होडी घेऊन दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर सव्यापसव्य करते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्यातून परत येत होतो. काकड्यांची पाटी उचलायचा हट्ट तिचाच. डोक्यावर चुंबळ, त्यावर पाटी, दोन्ही हात वर, मान ताठ. बांधाच्या मध्यावर समोरून कालचीच म्हातारी आली. आज तिच्या हातात नुसता विळा. भाचीच्या तोंडून हाळी आली नाही. पाटी सांभाळता सांभाळता तिला श्वासही पुरत नव्हता. म्हातारीने लुगडे घोट्याच्या वर धरले, चिखलात उतरली आणि म्हणाली, "चल बाय, चल. पाटी हलू देऊ नको."